चंदनाच्या हॉटेलातली टीप

मोखाडा, २ जून

रूपेश,

आशीर्वाद आहेतच, ते मागितले नाहीस तरी मोठ्या बहिणीकडून मिळतात. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र तुझ्या ठाण्याच्या हॉटेलच्या पत्त्यावर टाकतेय. फोन कापता येतो. पत्र कापलंस तर त्याचे दोन तुकडे होतात आणि मग दोन्ही वाचावे लागतात. भट्टीवरची तुझी माणसं हसली तर हसू देत.

भांडण तुझं आणि चंदनाचं आहे, मी मध्ये पडणार नाही. मोखाड्यात आपलं चायनीज टाकू, असं तू लग्न झाल्यापासून म्हणत होतास आणि दर उन्हाळ्यात पुढच्या उन्हाळ्याचं नाव घेत होतास. तुझी बायको कंटाळली, गावी आली आणि तिने टाकलं. त्यावर तू म्हणालास, "आता बायकोच्या हाताखाली भट्टी पेटवू का?" बरं, नको पेटवूस. पण आई रोज विचारते, रूपेशला कळलं का, रूपेशला कळलं का. म्हणून कळवते.

एसटी स्टँडसमोरच्या रांगेत, माझ्या शिलाईच्या दुकानाला लागून जो गाळा रिकामा होता, तोच तिने घेतला. पाटीवर 'चंदना चायनीज' लिहिलंय. मी काही तिथे जात नाही. भिंत एकच आहे, तेव्हा जे कानावर पडतं तेवढंच लिहिते.

नूडल्स ती विकत आणत नाही. नागलीचं पीठ घेते, नुसत्या नागलीचे तुटतात म्हणून त्यात गव्हाचं मिसळते आणि शेवयांच्या यंत्रातून काढते. काळपट दिसतात. वर भाजलेला जवळा भुरभुरते. पहिल्या दिवशी आपल्या पाड्यावरचे बुधाकाका आले, ताटाकडे बघून म्हणाले, "ही गांडोळां कोन खाल?" मग खाल्ली. मग म्हणाले, "अजून दे गांडोळां." आता सगळा पाडा नूडल्सना गांडोळंच म्हणतो आणि चंदना हसून वाढते. शाळेच्या गुरुजींनी पाटीवरचं 'शेजवान' खोडून 'शेझवान' करायला लावलं, पण पहिला घास गेल्यावर नाक पुसण्यात शुद्धलेखन राहून गेलं. पंचायत समितीतले भाऊसाहेब म्हणाले, "असलं ठाण्यात मिळत नाही." हे मी मुद्दाम लिहिलं नाही, ते खरंच म्हणाले.

आईचं मत वेगळं आहे. ती म्हणते, "शेवया उकडल्या तर मग जाळल्या कशाला? एकदा काय ते ठरवा." पण लसूण सोलायला सकाळी सगळ्यांच्या आधी तीच जाऊन बसते.

चवीचं मी काय सांगणार? आलं जरा जास्त पडतं, एवढंच.

तुझी बाय,
प्रतिभा


मोखाडा, १९ जून

रूपेश,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. न जाताच आलं जास्त पडतं हे कसं कळलं, असं तू मनात म्हणाला असशील. बरं बाबा, खाल्ले. रोज खाते. मशीन बंद करते, हात धुते आणि जाऊन बसते. मतं ऐकायला भिंत बरी असते, पण पोट भिंतीने भरत नाही.

आणि बसते तेव्हा तिच्याकडे बघते. भट्टीचा भडका कढईबाहेर येतो, ती मान जराशी बाजूला करते, मनगटाने कढई उडवते आणि नूडल्स वर जाऊन पुन्हा कढईतच पडतात. तू लग्नानंतरच्या दिवाळीला आपल्या अंगणात असंच करून दाखवलं होतंस आणि निम्मे कोंबड्यांनी खाल्ले होते. कानामागून आली आणि तिखट झाली, असं म्हणतात ते हेच. रागावू नकोस. तुझ्याकडूनच शिकली, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. मला तर तिचा इतका अभिमान वाटतो की गिऱ्हाइकांची मापं घेतानाही तिचंच सांगत बसते.

आता गंमत ऐक. दाभोसाच्या धबधब्याला जाणाऱ्या शहरातल्या गाड्या इथे थांबायला लागल्यात. त्यातल्या एकाने जेवून ताटाखाली नोट ठेवली. ताट उचलायला आई गेली, नोट बघून तिने हातच मागे घेतला. म्हणाली, "कुनी करणी केली गं!" लिंबू-मिरची आणायला निघाली होती. चंदनाने समजावलं की ही टीप, शहरात वाढणाऱ्याला खुशीने देतात. आता तिने एक डबा ठेवलाय. वाढणारी योगिता, भांडी घासणारी बाई, लसूण सोलणारी आई आणि ती स्वतः, अशी वाटणी होते. आईला पहिली वाटणी मिळाली तेव्हा तिने ती पदराला बांधून सगळ्या पाड्याला दाखवली.

ही टीप कशी द्यावी यावर मात्र गावात पंचायत भरलीय. गुरुजी म्हणतात, द्यायची तर हातात द्यावी, ताटाखाली लपवणं हे चोरटेपणाचं. नाशिकच्या एक बाई म्हणाल्या, छे, हातात देणं म्हणजे अपमान. भाऊसाहेब म्हणतात, आपल्याच गावात टीप कसली, आपण काय पाहुणे? आणि त्याच दिवसापासून ते जेवून उठताना बडीशेप जास्त उचलतात. बुधाकाकांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी जेवून ताटाशेजारी दोन रायवळ आंबे ठेवून गेले. चंदनाने ते कापून चौघींत वाटले. टीप ती टीप, म्हणाली.

तुझ्याबद्दल ती काही विचारत नाही. फक्त पोस्टमन रांगेत शिरला की तिचा भट्टीवरचा हात थांबतो.

बाय


मोखाडा, १६ जुलै

रूपेश,

हे पत्र लिहायला नको वाटतंय. चंदनाचं हॉटेल रिकामं पडलंय.

आधी वाटलं, आवणी सुरू आहे, लोक भातखाचरात चिखलात उभे असतील. योगिताही आवणीलाच गेली. पण बाजाराच्या दिवशी पाड्यांवरून माणसं आली, जीपमधून उतरली आणि चंदनाच्या दारावरून तोंड फिरवून वडापावच्या गाडीकडे गेली. बुधाकाकासुद्धा. शहरातल्या गाड्या थांबतात, पण त्यांच्यावर काय चालणार? पाऊस संपला की धबधबा संपला.

शेवटी चंदना स्वतः पाड्यावर गेली, मी सोबत होते. बुधाकाका ओटीवर बसले होते, आजूबाजूला चार-पाच बायामाणसं. तिने सरळ विचारलं, "काका, माझं काय चुकलं?"

काका खाली बघत म्हणाले, "बाय, तू टीप घेतेस असां बोलतात. खरां काय?"

ती म्हणाली, "घेते की! त्यात काय लाज? डब्यात ठेवते, मग आम्ही वाटून घेतो. आईंना पण देते."

एका बाईने पोराला उचलून आत नेलं. काका उठले आणि बैल बघायला गेले. बैल समोरच बांधलेला होता. आम्ही दोघी भर पावसात चोरी पकडल्यासारख्या परत आलो. दोन नोटा आणि दोन आंबे घेण्यात एवढं काय पाप, ते मला कळेना.

चंदना परत येताना एवढंच म्हणाली, "आणखी एक-दोन बाजार बघते. नाहीतर गाळा सोडते आणि ठाण्याला जाते. एकटीला जमणार नाही, असं ते म्हणत होते, तेच खरं ठरू दे." ते म्हणजे तू. आता तुझ्या मनासारखं होतंय. आनंद झाला असेल तर लाडू वाट, मी तर त्या दिवसापासून अर्ध्या जेवणावरून उठतेय.


१७ जुलै

कालचं पत्र टाकायचं राहिलं ते बरं झालं, कारण आज उलगडा झाला.

सकाळी पाड्यावरची रामी आली, शिवायला दिलेलं ब्लाउजपीस परत मागायला लागली. मी विचारलं, का गं? तर दारातच उभी राहून म्हणते, "तू तिच्या शेजारी बसतेस. तू पन टीप देतेस, असां बोलतात."

मी म्हटलं, "टीप देते? अगं, मी टीप मारते! हे मशीन काय लोणी काढायला ठेवलंय?"

रामी कापड तिथेच टाकून पळाली. आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. तुला आठवतो का बाबल्या, भिवंडीला गोदामावर होता, परत येऊन ओहोळाच्या कडेला मोहाच्या दारूची भट्टी लावून बसलेला? तो एकदा चंदनाकडे जेवायला आला होता. त्या दिवशी गाडीतल्या एका शहरी पाहुण्याने बायकोला मोठ्याने सांगितलं, "ताईंना चांगली टीप दिलीय, हां." हे माझ्या कानांनी ऐकलंय. आणि त्यानंतर लगेच पोलिसांची गाडी आली आणि ओहोळाकडेच्या सगळ्या भट्ट्या फोडून गेली. भिवंडीत टीप म्हणजे एकच, पोलिसाला दिलेली खबर. चोराच्या मनात चांदणं! त्याने पाड्यापाड्यावर सांगितलं, चायनीजवाली टीप घेते आणि पोलिसाला पोचवते. आणि आपल्या शहाणीने सगळ्यांसमोर कबूल केलं, घेते, डब्यात ठेवते, सासूलापण वाटा देते!

मी हसू की रडू? मी कात्री हातात घेऊन निघाले होते बाबल्याकडे. चंदनाने अडवलं. म्हणाली, "बाय, आपण सांगून कोण ऐकणार? शब्द आपलाच अंगाशी आलाय. ज्याने ऐकलं त्यालाच बघू दे."

काय बघू दे, ते तिने सांगितलं नाही.

बाय


मोखाडा, ४ ऑगस्ट

रूपेश,

आज हात धुऊन, नवीन पेनाने लिहितेय, कारण बातमीच तशी आहे.

त्या दिवशी चंदना बाबल्याच्या घरी गेली. मी कुडाबाहेर उभी राहिले, कात्री पिशवीत होती. भांडेल असं वाटलं, पण ही बाई म्हणते, "दादा, तुमची भट्टी गेली. माझ्या भट्टीला माणूस पाहिजे. योगिता आवणीला गेलीय. बाजाराला वाढायला येता का?"

बाबल्या म्हणाला, "माना कशाला बोलावतेस? पोलिसाला दाखवाय?"

"पोलिसाला दाखवायचं असतं तर हे घर दाखवलं असतं," चंदना म्हणाली. "भट्टी काय, फोडली तरी पुन्हा लावाल."

त्याच्या बायकोने आतून त्याला काहीतरी सुनावलं. घरात तेव्हापासून चूल नीट पेटत नसावी. तो आला. मला वाटतं, निम्मा कामाला आला आणि निम्मा पाळत ठेवायला. पण वाढायला काय हात त्याचा! आवाज असा की स्टँडवरची माणसं वळून बघतात, "गरम हाय, गरम हाय, सरका!" आणि कुणी अर्धं ताट टाकलं की त्यालाच वाईट वाटायचं.

बाजाराच्या दिवशी नाशिकचं एक कुटुंब जेवलं आणि गाडीकडे निघालं. बाबल्याने ताट उचललं तर खाली नोट. तो ओरडत धावला, "ओ सायेब, पैसं ऱ्हायलं तुमचं!" सगळा बाजार बघतोय. गाडीतल्या आजी म्हणाल्या, "राहू द्या हो. ती टीप आहे."

बाबल्या जागच्या जागी थिजला. नोट हातात, हात लांब धरलेला. "टीप? मी नाय दिली! आई शप्पत, मी कुनाची टीप नाय दिली!"

तो गाडीवाला हसून म्हणाला, "अहो, तुम्ही नाही, मीच दिली."

"तुमी दिली? कुनाची?"

"तुमची! तुमचीच टीप आहे ती."

रूपेश, बाबल्या दोन पावलं मागे सरला. तो भर बाजारात ओरडला, "माझी? आता कशाला माझी? आता तर भट्टी पन नाय माझी!" समोर वडापाव खाणारे हवालदार ठसका लागून वाकले. तोवर चंदना झारा घेऊन बाहेर आली होती. तिने झारा पदराला पुसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "दादा, तुम्ही मायेनं वाढलंत, पाहुणे खूश झाले, म्हणून ही. शहरात हिलाच टीप म्हणतात. मी घेते ती हीच. आजची तुमची."

मग बुधाकाका हसायला लागले. आधी पोट हललं, मग खांदे, मग डोळ्यांतून पाणी. काठी टेकत आत गेले, बाकावर बसले आणि म्हणाले, "वाड गं बाय गांडोळां. आन् तो शब्द नको ठेवू. टीप नको, खुशी बोल." त्यांच्या मागून पाडाच्या पाडा आत शिरला. बसायला जागा पुरेना, बायका माझ्या दुकानात ताटं घेऊन बसल्या आणि रामीच्या ब्लाउजपीसवर चटणी सांडली.

आता डब्यावर 'खुशी' लिहिलंय. योगिता परत आली तरी बाबल्या टिकून आहे. त्याने भट्टी पुन्हा लावली की नाही, ते मी विचारत नाही. मीही काही टीप देणारी नाही.

मला एवढंच सांगायचंय. त्या माणसाने तिचं हॉटेल बुडवलं होतं. तिने त्याला खोटं पाडलं नाही, काम दिलं आणि खरं त्याच्याच तोंडून बाहेर येऊ दिलं. अशी बाई तुझ्या घरात आहे आणि तू ठाण्यात दुसऱ्याची कढई घासतोयस. मला हे बोलायचा हक्क आहे, म्हणून बोलले.

ठाण्याला जायचं ती आता म्हणत नाही. पण गाळ्याच्या मागच्या खोलीत तिने दुसरी भट्टी बसवून घेतलीय. एका माणसाला दोन भट्ट्या चालवता येत नाहीत, हे तुलाच जास्त माहीत.

बाय


मोखाडा, २४ ऑगस्ट

रूपेश,

मी पाहिलं तुला.

जव्हारकडून आलेल्या एसटीतून उतरलास, टोपी कपाळापर्यंत ओढलेली, तोंडाला रुमाल. सगळ्या जगापासून लपशील, पण तुझ्या खांद्याचं माप माझ्या बोटांत आहे. हाक मारली असती तर पळाला असतास. म्हणून मान खाली घालून मशीन चालवत राहिले. एका ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्या लागल्या.

तू कोपऱ्यात भट्टीकडे पाठ करून बसलास, ते मी मग मशीन सोडून तिच्या दारातून डोकावून पाहिलं. टोपीखाली बाबल्याने तुला ओळखलं नाही, त्याने नेहमीसारखं वाढलं. ताट चाटूनपुसून संपवलंस, तेही मी पाहिलं. मग बाबल्याला जवळ बोलावून काहीतरी सांगितलंस. तो आत जाऊन आपल्या आवाजात ओरडला, "त्यो टोपीवाला बोलतो, मास्टरला सांग, लसणाचा रंग बदलायच्या आधीच नूडल टाक. रंग बदलल्यावर टाकलास तर लसूण जळतो आन् वरचा जवळा कडू लागतो."

चंदनाचा हात थांबला. इतक्या लोकांनी इतकी मतं दिली, कुणी गांडोळं म्हणालं, कुणी ठाण्यात मिळत नाही म्हणालं, पण असं आजवर कुणी बोललं नव्हतं. मला वाटलं, धावत बाहेर येईल. ती आली नाही. तिने कढई धुतली, नवीन तेल घातलं आणि तू सांगितलंस तसं करून बघितलं. लसूण टाकला, रंग बदलायच्या आत नूडल्स टाकले. ताट भरून ती स्वतः घेऊन आली. तेवढ्यात तू समोरच्या जीपमध्ये चढलास आणि जीप हलली. ती ताट धरून दारात उभी राहिली. वाफ तिच्या तोंडावर येत होती, म्हणून ती रडत होती की नाही हे मला सांगता येणार नाही. रडत होती.

मग ते ताट तिने माझ्यापुढे ठेवलं. "बाय, खाऊन सांगा." मी खाल्लं. लबाडा, तुझंच बरोबर होतं. जवळा गोड लागला. मी तसं सांगितलं तर तिचा चेहरा असा खुलला, की भाऊसाहेबांच्या आणि गुरुजींच्या सगळ्या कौतुकाने कधी खुलला नव्हता. रूपेश, तिला गावाचं मत नको होतं. तुझं हवं होतं.

तुझ्या ताटाखालची नोट बाबल्या डब्यात टाकायला निघाला. तिने त्याचा हात धरला. म्हणाली, "ही खुशीत नका टाकू. हा पाहुणा नव्हता. घरचा माणूस जेवला की पैसे ठेवत नाही, आपलं ताट आपण उचलतो."

नोट या पाकिटात परत पाठवतेय. तिने स्वतः घडी घातलीय.

तुझं ताट मात्र तिने उचललं नाही. कोपऱ्यातल्या टेबलावर दुसरं ताट पालथं घालून झाकून ठेवलंय आणि तिथे कुणाला बसू देत नाही. आई म्हणते, वास येईल. बाबल्या म्हणतो, मुंग्या लागल्यात. ती म्हणते, लागू देत, ज्याचं आहे तो येऊन घासेल.

येत्या बाजाराला गर्दी असते, ते टेबल लागतं. त्याआधी ये.

तुझी बाय